पांगरीची साडेचारची गाडी

मला पोरं आवडत नाहीत. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कोणी म्हणायला नको की बाई मोठ्या मायाळू होत्या. बारा ते अठरा या वयातली तर मुळीच नाहीत. खिदळतात, दारं आपटतात, कात्री नेली की परत आणून देत नाहीत. तरी गेली सहा वर्षं आठवड्यातले तीन दिवस मी अमडापूरच्या थांब्यावर त्यांना शिवण शिकवते आहे. ते एका माणसामुळं. शेषराव आबा. आबांना जाऊन आता वर्ष होईल. परवा कपाट आवरताना त्यांची खडूची डबी हाती लागली आणि माझा अख्खा दिवस खराब झाला.

थांबा म्हणजे बसचा थांबा नव्हे. दारावरच्या पाटीवर "किशोरवयीन मुलामुलींचे केंद्र" असं काहीबाही लांबलचक लिहिलं आहे, पण ते कोणी म्हणत नाही. पूर्वी तिथं गुरांचा दवाखाना होता. दवाखाना नव्या जागी गेला, तीन खोल्या रिकाम्या पडल्या. पुढच्या खोलीत कॅरम आणि सतरंज्या, मधल्या खोलीत फॉर्म भरायला दोन जुने कॉम्प्युटर, मागच्या खोलीत माझ्या चार मशिनी. पावसाळ्यात भिंतींना अजूनही गुरांच्या औषधाचा वास येतो. आसपासच्या खेड्यांतली पोरं इथं शाळा-कॉलेजला येतात, एक वाजता सुटतात आणि गाडी असते साडेचारला, पाचला. मधले तीन-चार तास स्टँडवर उभं राहायचं. पोरींना कोणी काही बोललं, की घरचे पहिलं काय करतात? शाळा बंद. म्हणून आबांनी ग्रामपंचायतीच्या मागं लागून या खोल्या मिळवल्या. सतरा खेटे घातले. शेवटी लोक वैतागले आणि किल्ली देऊन मोकळे झाले.

आबा एस.टी.त कंट्रोलर होते. सगळी नोकरी स्टँडवर माईकसमोर गेली. त्यामुळं त्यांना हळू बोलता यायचं नाही आणि एकदा बोलून भागायचं नाही. पहिल्यांदा आपल्या वऱ्हाडीत सांगायचे आणि लगेच तेच माईकवरच्या भाषेत. "च्या झाला, याबे समदे!" आणि मग मान ताठ करून, "चहा तयार झालेला आहे." नळाला पाणी आलं तरी तेच. माझ्या मशिनचा पट्टा तुटला तेव्हा सगळ्या थांब्याला दोनदा कळलं. मी म्हणायचे, "आबा, मी बहिरी नाई." ते म्हणायचे, "तुम्ही नाई हो बाई, पन मांगचे असतेत ना कोनी." मागं कोणीही नसायचं.

नवं पोरगं आलं की आपल्याकडं पहिलं विचारतात, कोणाचा रे तू? आडनाव काय? आबा विचारायचे, "कोनती गाडी?" पोरगं म्हणायचं टाकळी, की झालं, तो टाकळीचा. नाव नंतर, आडनाव तर कित्येकांचं त्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं. एका गाडीच्या पोरांनी एकमेकांना सांभाळायचं, एवढा एकच नियम ते रोज घोकायचे.

सुरुवातीला गावातली पाच-सहा जाणती माणसं आली. पोरं-पोरी एका खोलीत बसतात हे बरं दिसत नाही, निदान मधे पडदा लावा, म्हणाली. मी आतून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, झालं, आता पडदा शिवायचं काम माझ्याच गळ्यात. आबांनी सगळ्यांना सतरंजीवर बसवलं, चहा दिला आणि विचारलं, "यष्टीत पडदा पाह्यला का तुमी कुठी? लेकरं येते एकाच गाडीत, जाते एकाच गाडीत. मधातल्या तीन घंट्यांसाठी काऊन पडदा पायजे?"  आबांनी लगेच दुसऱ्यांदा सांगितलं, "पडदा लावण्यात येणार नाही." चहा पिऊन मंडळी गेली.

शनिवारी भांडणाचा तास असायचा. आठवडाभर कोणी कोणाला काय बोललं, कोणी कोणाची सायकल ढकलली, सगळं त्या दिवशी. गोल बसायचं आणि कॅरमची लाल राणी ज्याच्या हातात असेल त्यानंच बोलायचं. बाकीच्यांनी तोंडातून शब्द काढायचा नाही. आबांना कोणावर संशय असला तरी ते विचारायचे नाहीत. नुसती राणी उचलून त्याच्यासमोर ठेवायचे. पोरगं घाम पुसायचं, राणी फिरवत बसायचं आणि शेवटी बोलायचं. नाही बोललं तर राणी शेजारच्याला द्यायची मुभा होती. मी आत टीप मारत असायचे, पण खरं सांगते, त्या तासाला माझी मशीन आपोआप हळू व्हायची.

आणि मग तो फळा. पुढच्या खोलीत, दारातून शिरल्या शिरल्या समोर. वर गाड्यांची नावं आणि वेळा, खाली रकाने. आलं की आपल्या गाडीखाली आपलं नाव लिहायचं, गाडीला निघालं की आपल्या हातानं पुसायचं. दुसऱ्याचं नाव कोणी पुसायचं नाही. आबांनीही नाही. गाडी सुटल्यावर नाव उरलंच, तर आबा सायकल काढून ते पोरगं शोधायला निघायचे. एकदा टाकळीखाली एक नाव राहिलं. मी म्हटलं, विसरला असेल. आबांनी ऐकलं नाही. तो पोरगा त्यांना बाजाराच्या ओट्यामागं सापडला. चाचणीत नापास झाला होता आणि घरी जायचं नाही असं ठरवून बसला होता. आबा त्याच्याजवळ तासभर नुसते बसले, पुढच्या गाडीनं त्याला घरी पोचवून आले आणि मग येऊन त्याचं नाव तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्यानं येऊन ते स्वतः पुसलं.

हा नियम मोडला तो एकदाच, आणि तो माझ्यामुळं.

अश्विनी पांगरीची. बारावीला होती. बोलायची कमी, पण हात असा सरळ की मी तिला काजं करायला द्यायचे, जी मी कोणाला देत नाही. तिला नर्सिंगला जायचं होतं. आबांनी तिच्यासाठी माहिती काढून ठेवली होती, कागद एका फाइलीत लावून फाइल कॅरमच्या खाली लपवली होती, कारण घरी अजून कळलेलं नव्हतं. तिचे वडील गजाननभाऊ सरळ माणूस, पण अट पक्की: कॉलेज, थांबा, साडेचारची गाडी, घर. यात कुठं फरक पडला की कॉलेज बंद. आबांवर त्यांचा फार भरवसा. "कंट्रोलरनं सांगितलं म्हणजे गाडी सुटली," असं ते म्हणायचे.

त्या दिवशी थांब्यावर पाहुणे यायचे होते. आम्हाला आणखी एक खोली आणि संडास बांधून मिळेल अशी आशा होती, म्हणून सकाळपासून सगळ्यांची धावपळ. पोरं पताका लावत होती, माझा शिवणाचा वर्ग बंद होता. पावणेचारला अश्विनी माझ्या खोलीत आली, पोट धरून. तोंड पांढरं पडलेलं. बायांना सांगायला नको काय ते. मी तिला गोळी दिली, कापडाच्या गठ्ठ्यांवर झोपवलं, वरून चादर टाकली आणि पोरं आत येऊ नयेत म्हणून दार लोटून घेतलं. म्हटलं, "पड जराशी. गाडीच्या टायमाले उठवतो तुले." आबांना मी काही सांगितलं नाही. असल्या गोष्टी पुरुषमाणसाला कशाला सांगायच्या? तेवढ्यात कोणीतरी ओरडलं की हार आले नाहीत. मी पिशवी उचलली आणि बाजारात पळाले.

हारवाल्याकडून काही सुटका होईना. हा हार छोटा, तो हार सुकलेला, त्यात गर्दीनं माझं डोकं भणभणलेलं. ती पोरगी माझ्या डोक्यातून साफ गेली. पावणेपाचला आबांचा फोन आला.

"बाई, पांगरीखाली एक नाव राह्यलं—"

मी त्यांना पुढं बोलूच दिलं नाही. "राहू द्या हो आबा! पोरी विसरतेत. पाहुने येऊन राह्यले अन् तुमचं नावच सुरू हाये. पुसा तो फळा अन् स्वागताचं लिवा."

कोणाचं नाव, एवढं मी विचारलं नाही. दोन शब्द होते. नाही विचारले.

आबांनी फळा पुसला. मोठ्या अक्षरात "सुस्वागतम्" लिहिलं. सव्वापाचला पांगरीहून गजाननभाऊंचा फोन. गाडी आली, पोरगी उतरली नाही. आबांनी फळ्याकडं पाहिलं. सकाळपासूनच्या गडबडीत त्यांनीही मनाशी धरलं होतं की मी बाजारातून सांगितलं म्हणजे स्टँडवर पोरींना गाडीत चढताना पाहिलं असेल. त्यांनी आपल्या सवयीनं, मोठ्यानं, दोनदा सांगितलं, "गेली ती, साडेचारलेच गेली. अश्विनी साडेचारच्या गाडीने रवाना झालेली आहे." तिकडं फोन स्पीकरवर होता. पांगरीच्या थांब्यावर दहा-बारा माणसं उभी होती.

अश्विनी साडेपाचला डोळे चोळत बाहेर आली. मीही तेव्हाच हार घेऊन पोचले. आबांनी तिला पाहिलं आणि ते खुर्चीवर बसले. त्यांनी लगेच फोन लावला, पोरगी इथंच आहे, झोपली होती, माझी चूक झाली. पण गजाननभाऊ गाडीला किक मारून निघालेले. आले तेव्हा चेहरा असा की नुकत्याच पोचलेल्या पाहुण्यांतलाही एक जण बाजूला सरकला.

"आबा, तुमी म्हनलं गाडीत बसली. दोनदा म्हनलं. आता म्हनता झोपली होती. तुमी कवा चुकलं का आजपर्यंत? खरं काय ते सांगा, सावरू नका."

आबा सांगत राहिले, पण गजाननभाऊंनी त्यांचं पहिलंच बोलणं खरं धरलं होतं. तीस वर्षं ज्याची सूचना कधी खोटी निघाली नाही, त्याचीच सूचना पोरीवर उलटली. ती मधेच कुठंतरी उतरली आणि आता हे लपवतायत, असं गजाननभाऊंच्या डोक्यात बसलं. अश्विनी म्हणाली, "बाबा, बाईच्या खोलीत होतो मी. बाईले इचारा." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. तीही माझ्याकडं पाहत होती. सगळा थांबा माझ्याकडं पाहत होता. माझ्या हातात हार होते.

मी म्हटलं, "मी तर बाजारात गेले होते."

खोटं नव्हतं. घाबरले होते मी. पोरीला खोलीत लपवलं, दार लावलं, असं कोणी म्हटलं तर? पाहुण्यांसमोर गोळीचं, पोटाचं कसं बोलायचं? असं माझं मन मला सांगत होतं. आज वाटतं, तोंड झडलं होतं का गं तुझं?

अश्विनीचं कॉलेज बंद झालं. परीक्षा दीड महिन्यावर होती.

शनिवारी भांडणाचा तास झाला. मला बोलवायला आबांनी आतल्या खोलीत पोर पाठवलं. एरवी मी त्या तासाला गोलात बसत नसे. बसले. त्यांनी राणी उचलली आणि माझ्यासमोर ठेवली. मी ती लाल सोंगटी हातात घेतली, ती गार होती, आणि शेजारच्या पोरीला देऊन टाकली. तास पुढं चालू झाला. कोणाची तरी चप्पल चोरीला गेली होती.

सोमवारी दुपारी आबांनी फळ्यावर पांगरीखाली स्वतःचं नाव लिहिलं. साडेचारला ते पुसलं आणि गाडीत चढले. पांगरीच्या थांब्यावर उतरून ते पारावर बसले. गजाननभाऊंचं घर समोरच. आत गेले नाहीत, कोणाला हाक मारली नाही. परतीच्या गाडीनं आले. मंगळवारीही तेच. तिसऱ्या दिवशी, पोरं सांगतात, पारावर माणसं जमल्यावर आबा उभे राहिले आणि तोंडाशी हात धरून त्यांनी माईकवरच्या आवाजात सूचना दिली. "ग्रामस्थांनी कृपया लक्ष द्यावे. गजाननभाऊंची मुलगी अश्विनी गाडीत बसली, अशी सूचना माझ्याकडून देण्यात आली होती. ती चुकीची होती. मुलगी केंद्रातच होती. फळा मी पुसला." आणि मग, या वेळी उलट, दुसऱ्यांदा वऱ्हाडीत, "पोरीचं काही चुकलं नाई, बापहो. माह्यं चुकलं."

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. गोळीचंही नाही.

असं ते अकरा दिवस गेले. रोज तीच सूचना. सुरुवातीला लोक हसले, मग नुसते ऐकू लागले, मग म्हणे एक-दोन जण आबा उठायच्या आधीच गप्प व्हायचे. सत्तरीचा माणूस, गुडघे दुखणारा. मी एकदा म्हटलं, "आबा, पुरे आता. काय फायदा?" ते म्हणाले, "सूचना चुकली तर दुरुस्ती त्याच थांब्यावर करा लागते, बाई." एवढंच. पुढं काही सुनावायला हवं होतं मला, मी वाट पाहिली, पण ते खडू शोधायला लागले.

बाराव्या दिवशी गजाननभाऊ घरातून बाहेर आले आणि पारावर त्यांच्या शेजारी बसले. म्हणाले, "पेपर देऊ देतो आबा. पन मीच आनून सोडीन, मीच घेऊन जाईन. थांब्यावर नाई बसनार ते."

अश्विनीनं पेपर दिले. पासही झाली, चांगली झाली. पण तोवर सोयरीक जमली होती. गावात एवढं बोललं गेल्यावर बाप थांबायला तयार नव्हता. मे महिन्यात लग्न लागलं, दुसरबीडकडं दिली. लग्नात मी गेले नाही. आबा गेले, आणि ती कॅरमखालची नर्सिंगची फाइल सोबत घेऊन गेले. तिच्या हातात दिली की नाही, मला माहीत नाही. विचारायची माझी हिंमत झाली नाही.

जून उलटला आणि एक दिवस गजाननभाऊ स्वतः थांब्यावर आले. सोबत धाकटी पायल, आठवीतली, दोन वेण्या, दप्तर पोटाशी धरलेलं. दारातच उभे राहिले. "हिची पांगरीची गाडी," एवढंच म्हणाले.

आबा त्या दिवसांत थकले होते. पाय सुजायचे, बसल्या जागी डुलकी लागायची, पोरं दंगा करत असली तरी. पण पायलला पाहून उठले. तिला फळ्यापाशी नेलं, खडू दिला, पांगरीखाली नाव लिहून घेतलं. मग कमरेत वाकून, तिच्या डोळ्यांत बघून म्हणाले,

"पोट दुखलं, डोकं दुखलं, काही झालं तरी मले सांगजो. लाजाचं काही कारन नाई."

आणि लगेच मान ताठ करून, सगळ्या थांब्याला ऐकू जाईल असं, "पोट दुखत असल्यास कंट्रोलरला कळवावे."

पोरं हसली. पायलही हसली. मी माझ्या खोलीच्या दारात उभी होते. त्यांना गोळीचंही माहीत होतं, गठ्ठ्यांचंही; अश्विनीनं सांगितलं असणार. पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं. पारावर अकरा दिवस, राणी समोर ठेवली तेव्हा, सगळा वेळ.  माझे पाय कसे पुढं आले कोण जाणे.

मी म्हटलं, "गजाननभाऊ, त्या दिवशी अश्विनी माह्या खोलीत होती. तिचं पोट दुखत होतं. गोळी मीच देल्ली, दार मीच लोटलं. अन् फळा पुसा असं आबाले फोनवर मीच सांगितलं."

 गजाननभाऊंनी माझ्याकडं पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"आता सांगून राह्यल्या, बाई?" ते म्हणाले. "आता?"

त्यांनी गाडीची किल्ली खिशातून काढली, पुन्हा ठेवली. पायलच्या डोक्यावर हात ठेवला आणि निघून गेले. पोरीला घेऊन गेले नाहीत.

मी तिथंच उभी. आबा खुर्चीत बसले, पाय जरा लांब केले, डोळे मिटले. मला वाटलं डुलकी लागली. मग डोळे न उघडता, आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, "नोंद झाली, बाई."

मी वाट पाहत राहिले. थोड्या वेळानं ते दुसऱ्यांदाही म्हणाले.

"नोंद झालेली आहे."

साडेचारला पायलनं आपलं नाव पुसलं आणि ती गाडीला गेली. आबा तिच्यामागं दारापर्यंत गेले, गाडी वळेपर्यंत उंबऱ्यावर उभे राहिले. पाठमोरे, एक हात चौकटीला, दुसऱ्या हातात खडू. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते असं. दुसऱ्या दिवशी माझा वर्ग नव्हता, आणि त्याच्या पुढच्या दिवशी आबा आले नाहीत.